वाळू आधी, मग पाणी

८ सप्टेंबर, सोमवार

घरमालकाच्या दुकानात यंदाची एक डायरी कोरी पडून होती, ती मागून आणली. सातवीनंतर पेन हातात धरला तो सही करायलाच. पण कुणाला तरी सांगायला पाहिजे. हे टेम्पोवर, निम्मा आठवडा बाहेरगावी. आईला फोन केला की आईच रडते आणि मलाच तिची समजूत काढावी लागते. शेजारच्या तुळजाबाईंना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या धायरीला कळतं.

ऋतूला आज दवाखान्यात नेलं. दीड वर्षाची पोर. गळ्याभोवती आणि कोपराच्या वळीत लाल चट्टे, खाजवून खाजवून रक्त काढते. आधी वाटलं उन्हानं झालं. मग वाटलं नजर लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. डॉक्टरबाईंनी तिला बघितलं आणि मग माझ्या मनगटाकडं बघितलं. तिथंपण तसंच आहे. विचारलं, काम काय करता. म्हणलं, नऱ्ह्याला फायबरच्या शेडमध्ये ग्राइंडरनं शीट कापते. त्या म्हणाल्या, घरी गेल्यावर अंघोळ करून पोरीला घेता का तसंच?

दार उघडलं की ती पळत येते, मी उचलते. तसंच. सगळ्या आया उचलतात तसं.

फायबर कापताना भुकटी उडते. डोळ्याला दिसत नाही, पण काचच ती. केसात बसते, ओढणीत बसते. मास्क देतात, तोंडापुरता. म्हणजे इतके दिवस मीच आणून तिच्या अंगाला चोळत होते.

मलम दिलंय. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज शेडला सुट्टी. हे पण घरी.

आता रोज असं चाललंय. मी कामावरनं येते, तुळजाबाई ऋतूला धरून ठेवतात आणि मी अंग चोरून तिच्या बाजूनं मोरीत जाते. ती हात पुढं करते आणि ओरडते. डोक्यावरनं पाणी घेते तरी तिचं ओरडणं ऐकू येतं. स्वतःच्या पोरीपासनं अंग चोरायचं, हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

एवढं करून चट्टे काही कमी नाहीत. कपडे त्याच खोलीत वाळतात, चप्पल त्याच खोलीत. खोली आहे किती?

ह्यांनी आज गावाला फोन केला. मला म्हणाले, दसरा झाला की आई येईल, ऋतूला कळंबला घेऊन जाईल. राहू दे पाच-सहा महिने, अंग बरं होईल. म्हणलं, अजून अंगावर पिते ती. हे म्हणाले, सुटेल. म्हणलं, मग मी काम सोडते. एकाच्या पगारात पुण्यात खोली ठेवता येत नाही, हे त्यांना माहीत आणि मलापण.

वाईट माणूस नाहीत हे. सांगताना माझ्याकडं बघत नव्हते.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज मी काहीतरी करून बसले. बरं केलं का वाईट, कळत नाही.

शेड आप्पासाहेबांची. तिथं पूर्वी त्यांचं वावर होतं, कोथिंबीर करायचे म्हणतात. आता पलीकडं उंच बिल्डिंग आणि अलीकडं आम्ही. कारभार त्यांची मुलगी शेफाली मॅडम बघतात, इंजिनियर आहेत. त्यांनी यंदा पाण्यानं कापायची मशीन आणली. बाकी आम्ही सगळे ग्राइंडरवर. आप्पासाहेब रोज दारात खुर्ची टाकून बसतात आणि त्या मशीनकडं असं बघतात, जशी काय शेजाऱ्याची म्हैस आपल्या दावणीला बांधलीय.

त्या मशीनवरचा हेल्पर काम सोडून गेला. जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी विचारलं, कोण येतंय पाण्यावर? कुणी बोलेना. ती मशीन चालू झाली की जेट विमान पत्र्यावरनं गेल्यासारखा आवाज येतो. तिच्या जवळनं जाताना मी आजपर्यंत भिंतीकडनं जायचे.

मी विचारलं, मॅडम, तिथं धूळ उडते का?

त्या म्हणाल्या, पाण्यात कापतो गं, धूळ कुठनं उडणार? जे काय निघतं ते खाली टाकीत बसतं.

म्हणलं, मी येते.

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मीपण माझ्याकडंच बघत होते जणू.

सध्या दुपारनंतर तिथं, सकाळी ग्राइंडरवरच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पाण्याची मशीन दत्ताकाका चालवतात. दत्तप्रसाद नाव. शनिवार पेठेतनं स्कूटरवर येतात, डबा कुणाला देत नाहीत, कुणाचा घेत नाहीत. मला म्हणाले, “घाबरट आहात ना? उत्तम. न घाबरणारा एक होता इथं. त्याला आता अंगठी घालायला बोट शोधावं लागतं.”

खरं का खोटं, विचारायची हिंमत झाली नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज थोडं थोडं समजलं.

कापतं ते पाणी नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातनं पाणी येतं आणि त्यात लालसर वाळू मिसळते, रव्यापेक्षा बारीक. वाळू कापते. पाणी तिला पळवतं. कार्बनची शीट म्हणजे काळं कापड एकावर एक चिकटवून केलेला पत्रा, दिसायला एक पण आत थर. दत्ताकाका म्हणाले, वाळू आधी पाहिजे, मग पाणी. नुसतं पाणी लागलं तर ते कापत नाही, दोन थरांच्या मधे घुसतं आणि शीट फुगते, तव्यावरच्या फुलक्यासारखी. फुलका खाता तरी येतो.

माझं काम एकच. वर वाळूचा डबा आहे, तिथनं नोझलपर्यंत एक पारदर्शक नळी येते. त्यातनं वाळू पळताना दिसते. नळीवर नजर ठेवायची. वाळू पातळ झाली, थांबली, की लाल बटण दाबायचं.

“विचारायचं नाही,” दत्ताकाका म्हणाले. “मला नाही, मॅडमला नाही, देवाला नाही. दाबायचं.”

मी हो म्हणलं. पण मला कुणाला न विचारता काही करायची सवयच नाही. गॅस बदलायचा तरी मी ह्यांना फोन करते.

खराडीची एक कंपनी आहे, शेतात औषध फवारायचे ड्रोन बनवते. त्याचे हातपाय ह्या काळ्या शीटमधनं कापायचेत. नमुना पसंत पडला तर वर्षभराचं काम, दुसरी पाळी लागणार, आणि मॅडम म्हणाल्या, मग तू पूर्ण वेळ पाण्यावर. म्हणजे भुकटी बंद. म्हणजे ऋतूला न्यायचं कारणच उरत नाही.

आणि नाही पडला तर? आप्पासाहेब दारातनं म्हणाले, “दसऱ्यापतुर चालू द्या ह्यो पाण्याचा खेळ. मंग पाहुण्याला देऊन टाकू मशीन, त्यो गरनाईट कापंल.”

२४ सप्टेंबर, बुधवार

गळ्याचे चट्टे जरा सुकलेत. कोपराचे तसेच. अर्धा दिवस भुकटी, अर्धा दिवस पाणी, पोर पण अर्धीच बरी.

ह्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, आईचं यायचं ठरलंय, आता ठरलेलं बदलायला लावू नको. मागनं हॉर्न वाजत होते.

२९ सप्टेंबर, सोमवार

रात्री ऋतू दूध पिता पिता झोपली आणि झोपेतच माझी बांगडी धरून ठेवली. हात सोडवून घेतला नाही. मुंग्या आल्या तरी नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. काम दुपारीच बंद केलं आणि सगळं धुतलं. ग्राइंडर, ड्रिल, पाने, सगळ्यांना झेंडूच्या माळा. मॅडम सारख्या ओरडत होत्या की विजेच्या डब्यावर पाणी शिंपडू नका. आप्पासाहेब नव्हते. नवमीला ते कोंढणपूरला तुकाईला जातात आणि दोन दिवस तिथंच भाच्याकडं राहतात, कधी चुकवत नाहीत म्हणे. मॅडमनीच पूजा केली.

पाण्याच्या मशीनला मी हळद-कुंकू वाहिलं. दत्ताकाका नारळ फोडायला बाहेर गेले होते. तेवढ्यात मी वरच्या वाळूच्या डब्याचं झाकण उघडून दोन चिमटी अक्षता आतपण टाकल्या. कामाचं पोट तर तेच आहे. जिच्यावर माझं सगळं अडलंय तिला बाहेरनं हात जोडून कसं चालेल? म्हणलं, बाई, माझी पोर माझ्यापाशी राहू दे. तुझ्या नळीवरनं नजर काढणार नाही.

मन हलकं झालं. येताना ऋतूला पेढा आणला. अंघोळ करून मगच दिला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहू का नको असं झालंय.

कंपनीनं नमुन्यासाठी दोनच शीट दिल्यात, त्यांच्याच. आज पहिली लावली. सुरुवात बरी झाली. मग मधेच नळीत वाळू पातळ झाली. मी बघितलं. मग थांबली. तेपण बघितलं. हात बटणापर्यंत गेला होता, लाल रंग बोटाला लागेल एवढ्या जवळ. आणि मी दाबलं नाही.

वाटलं, आत्ता येईल. वाटलं, उगीच थांबवलं तर काका सगळ्यांसमोर काहीतरी बोलतील आणि दुपारपर्यंत सगळी शेड हसेल. आणि खरंच आली वाळू परत. मला वाटलं, बरं झालं नाही दाबलं ते.

शीट बाहेर काढली तर तीन ठिकाणी फोड. नखानं पापुद्रा सुटत होता.

दत्ताकाकांनी पंपाचा दाब बघितला, नोझल काढून बघितलं, परत बसवलं. मॅडम म्हणाल्या, शीटमध्येच काहीतरी डिफेक्ट असणार. दोघं वाद घालत होते आणि मी फडका घेऊन पुसलेलंच पुसत होते. काकांनी विचारलं, नळी नीट चालली होती ना? मी मान हलवली. हो अशी.

आप्पासाहेब प्रसाद घेऊन कोंढणपूरवरनं सरळ शेडवर आले. ती शीट बघितली, हातात घेतली, ठेवली. म्हणाले, सोमवारी कंपनीची माणसं यायची हायेत ना? जमलं तर जमलं. न्हायतर मंगळवारी पाहुण्याला ट्रक घेऊन बोलावतो.

ग्राइंडरवर असताना चूक झाली तर वाकडं कापलं जायचं. इथं मी एक शब्द बोलले नाही म्हणून सगळ्यांचं वाकडं होणार.

५ ऑक्टोबर, रविवार

सासूबाई आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. हे स्वारगेटवरनं घेऊन आले. येताना ज्वारी, तिखट आणि ऋतूला कानटोपी घेऊन आल्यात. ऋतू त्यांना ओळखेना, माझ्या पायामागं लपली. आत्या म्हणाल्या, राहू दे, दोन दिसात सवय व्हतीय. गुरुवारच्या गाडीनं जायचं म्हणतात.

पिशवीतनं त्यांनी कडुलिंबाचा पाला काढला. अंगावरचं दूध सोडवायला तो वाटून छातीला लावतात, कडू लागलं की पोर तोंड फिरवते. त्यांनी वाटला आणि वाटी ओट्यावर ठेवली. मला म्हणाल्या, “तूच लाव. माझ्या हातानं मी न्हाई लावणार.”

मी वाटीवर ताटली झाकली.

६ ऑक्टोबर, सोमवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळपासनं ठरवलं होतं की शुक्रवारचं काकांना सांगायचं. तीनदा त्यांच्यापर्यंत गेले, तीनदा काहीतरी उचलून परत आले. अकरा वाजता कंपनीची दोन माणसं आली, एक म्हातारे आणि एक तरुण लॅपटॉपवाला. मॅडमनी नवा ड्रेस घातला होता. आप्पासाहेब खुर्चीवर.

शेवटची शीट लावली. काकांनी वजनं ठेवली, नोझलची उंची बघितली, माझ्याकडं बघितलं. मी नळीकडं बघितलं. मशीन चालू झाली.

वाळू पळत होती. मी पापणी हलवत नव्हते. कडेचा भाग, जो कापून फेकायचा असतो, तिथनं नोझल आत वळणार तेवढ्यात नळीत फट दिसली. वाळू, मग मोकळी नळी, मग वाळू.

मला कुणाचं तोंड आठवलं नाही. ऋतूचंपण नाही. मी दाबलं.

एवढा मोठा आवाज एकदम बंद झाला की कानात शिट्टी वाजायला लागली. सगळे माझ्याकडं. लॅपटॉपवाला म्हणाला, काय झालं? मॅडम म्हणाल्या, दीपमाला? बोट तसंच बटणावर दाबून धरलेलं, ते उचलायचं असतं हेच विसरले.

दत्ताकाका वाकले, शीट बघितली, नळी बघितली. म्हणाले, “वेळेवर.”

एवढंच. मग मला रडू आलं आणि रडता रडताच सगळं सांगितलं. शुक्रवारी पण वाळू थांबली होती, मी बघितलं होतं, मी दाबलं नाही, काकांना खोटंच हो म्हणलं. मॅडमचं तोंड उतरलं. काका म्हणाले, ते नंतर बघू, आधी डबा उघडू.

त्यांनी वाळूच्या डब्याचं खालचं बारीक दार काढलं आणि तळहातावर झटकलं. लाल वाळू पडली. आणि वाळूत तांदळाचे दाणे. कुंकवानं लाल झालेले.

काकांनी तो हात सगळ्यांसमोर धरला. म्हणाले, “ह्या डब्यात कुणाचं लग्न लागलं?”

त्या माझ्याच अक्षता. मॅडम माझ्याकडंच बघत होत्या. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागनं आप्पासाहेब बोलले.

“मी टाकल्या.”

मॅडम वळल्या. “आप्पा? तुम्ही?”

“मंग? माझी शेड, माझी मशीन. पूजा न्हाय करायची व्हय?”

“पण आप्पा, तुम्ही तर...” असं म्हणून मॅडम थांबल्या. त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

कंपनीचे म्हातारे मोठ्यांदा हसले. त्यांच्याकडं म्हणे मागच्या वर्षी कुणीतरी चालू पंख्यालाच हार घातला होता. ते म्हणाले, चहा सांगा, आम्ही थांबतो.

मग सगळी वाळू उपसली, पिठाच्या चाळणीनं चाळली. चाळणी आप्पासाहेबांनी घरनं मागवली. डबा पुसून परत भरला. शीट वाचली होती, चीर फेकायच्या भागातच राहिली होती. परत मशीन चालू केली आणि शेवटपर्यंत नळीत वाळू अशी पळाली की एक फट नाही. तुकडे निघाले ते काळे, चकचकीत, कडा बोट फिरवलं तरी लागत नव्हत्या. लॅपटॉपवाल्यानं भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, बुधवारी कळवतो.

म्हणजे आप्पासाहेबांनीपण टाकल्या होत्या! मला वाटलं होतं ते कोंढणपूरला होते. मधेच कधी येऊन गेले काय माहीत. शेडची चावी त्यांच्याकडं असतेच.

आज कोजागरी. वरच्या गच्चीवर दूध आटवलंय, तुळजाबाई बोलवून गेल्या. मी गेले नाही. ऋतूला मांडीवर घेऊन बसले. वाटीवरची ताटली अजून तशीच आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मनात राहवेना. सकाळी आप्पासाहेब खुर्चीवर येऊन बसले तशी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हणलं, आप्पासाहेब, नुसत्या तुमच्या नव्हत्या, माझ्यापण अक्षता होत्या त्यात. दोन चिमटी.

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला. म्हणाले, “आसं का? मंग दोघांच्या. फुडल्या साली लांबनंच टाकू.”

मग म्हणाले, “पोरगी किती वर्साची?” म्हणलं, दीड. म्हणाले, “जा. नळी बघ.”

बरा माणूस आहे. एवढा मोठा जमिनीचा मालक, पण सगळ्यांसमोर स्वतःची चूक कबूल केली. मला तेवढं जमलं नसतं. पुढच्या वर्षी मीच लक्ष ठेवीन त्यांच्यावर, विसरून परत टाकायचे.

पाहुण्याचा ट्रक आला नाही. मॅडम म्हणाल्या, आप्पांनीच कालच फोन करून नको म्हणून सांगितलं.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. शुक्रवारच्या शीटबद्दल बोलल्या. आवाज वाढवला नाही, पण म्हणाल्या, पहिली शीट गेली ती तांदळानं नाही, तू गप्प बसलीस म्हणून गेली. म्हणलं, हो. म्हणाल्या, परत? म्हणलं, नाही. त्या म्हणाल्या, मग जा, काम कर.

आत्या संध्याकाळी म्हणाल्या, आज लावायचं का? म्हणलं, उद्या.

८ ऑक्टोबर, बुधवार

आत्या शेडवर आल्या! तुळजाबाईंना घेऊन, ऋतूला कडेवर घेऊन, विचारत विचारत. म्हणाल्या, बगू तरी पान्यानं कसलं काम करतीय सून. मला वाटलं आता मॅडम रागावणार. मॅडमनी त्यांना काचेमागं उभं केलं.

आत्या बराच वेळ बघत होत्या. दत्ताकाका शीट बदलायला थांबले तेव्हा त्यांनी काचेवर टकटक करून विचारलं, “आन् ह्ये एवढं पानी जातंय कुठं?”

काका म्हणाले, “टाकीत. तिथनं गाळून परत वापरतो.”

“वाया न्हाई ना जात?”

“आजी, पुण्यात फक्त बोलणं वाया जातं.”

आत्या हसल्या नाहीत. त्यांनी मान डोलवली. आमच्याकडं मे महिन्यात टँकरमागं पळावं लागतं, त्यांना तेवढंच विचारायचं होतं.

मग त्यांनी मला हात करून बोलावलं. माझ्या ओढणीचं टोक धरलं, बोटांत चोळलं, वास घेतला. झटकून बघितलं. काही उडालं नाही, ओलंच होतं. मी दुपारनंतर तिथंच होते, सकाळची ग्राइंडरची ओढणी बदलून टांगून ठेवली होती. ती त्यांनी खुंटीवर बघितली, तिला हात लावला नाही.

चार वाजता फोन आला. मॅडम केबिनमधनं बाहेर आल्या आणि काकांचा हात धरून हलवायलाच लागल्या. काका म्हणाले, हात सोडा, तो मला लागतो. नमुना पसंत. वर्षभराचं काम. सोमवारपासनं दुसरी पाळी, आणि मी पूर्ण वेळ पाण्यावर. ग्राइंडरच्या बायकांना मॅडम म्हणाल्या, फायबरची शीट पण हळूहळू इकडंच कापू, पण ते उद्याच होणार नाही. शेवटचं वाक्य ऐकून मला माझ्याच आनंदाची लाज वाटली थोडी.

घरी आले. ऋतू दारातनं पळत आली. मी सवयीनं अंग मागं घेतलं.

आत्या भांडी घासत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, “घे की तिला. हाय का आता काही अंगावर?”

म्हणलं, सकाळची थोडी असेल. सोमवारपासनं नसेल.

“मंग आंगूळ करून घे. पर आशी पळू नगंस तिच्यापासनं. तिला वाटतंय आईला मी नकोशी झाले.”

मी अंघोळ करून आले तर ओट्यावरची वाटी धुऊन पालथी घातलेली होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

हे सकाळी टेम्पो घेऊन दारात आले, पिशव्या उचलायला लागले. ऋतूची पिशवी उचलली तशी आत्या म्हणाल्या, ती खाली ठीव. मला एकटीलाच गाडीत बसवून दे.

हे म्हणाले, आई, तूच तर म्हणलीस घेऊन जाते म्हणून.

“तू म्हणलास म्हणून म्हणले. मला इचारलं व्हतं का कुणी, म्हातारपणी तान्ह्या लेकराला आईपासनं तोडून झोप लागंल का म्हणून?”

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. परत आले स्वारगेटवरनं तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, धूळ गेली. रस्त्यावर धूळ असतेच.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज पहिला पूर्ण दिवस. भीती गेली नाही, पण आता मशीनजवळनं जाताना भिंतीकडनं जात नाही. काकांनी मशीन चालू करायचं हिरवं बटणपण आज माझ्याकडं दिलं. म्हणाले, पाठ धरलीय, तुम्हीच करा. पाठ धरली असती तर सकाळी स्कूटर एका झटक्यात स्टँडवर कशी लावली, काय माहीत. दिवसभर स्टुलावर बसून माझ्या बोटांकडं बघत होते.

घरी आले, दार उघडलं आणि अंघोळ न करता ऋतूला उचललं. कपडे ओले होते, तिला गार लागलं, ओरडली आणि मग हसली. मग खालीच उतरेना. उतरवलं की ओरडते, इतक्या दिवसांचं वसूल करत होती. शेवटी तिला कमरेवर बसवूनच भाकरी थापल्या. एका हातानं थापताना आकार काही जमेना, एक तव्यावर राहिली ती करपली.

तीच मी खाल्ली, उभ्यानंच, एक घास तिला, एक मला.